बाबा ओमारींचं पाणी

बटाटा खाऊ नका, असं बाबा ओमारींना सांगणारी मी चौथी. माझ्या आधीच्या तिन्ही डाएटिशियन त्यांच्यापुढे हात टेकून गेल्या होत्या. जाताना तिसरी मला एवढंच म्हणाली, "खुर्ची नंबर नऊ. ऑल द बेस्ट."

डेट्रॉइटच्या पश्चिम भागात, एका बंद पडलेल्या सुपरमार्केटच्या इमारतीत आमचं डायलिसिस सेंटर आहे. ज्यांच्या किडन्या गेल्या अशी माणसं आठवड्यातून तीनदा येतात आणि चार-चार तास खुर्चीत पडून राहतात. मशीन त्यांचं रक्त काढतं, धुतं आणि परत देतं. त्यांनी काय खाऊ नये हे सांगणं, हे माझं काम. बटाटा नको, केळं नको, राजमा नको, सगळ्यांत पोटॅशियम. आणि पाणी तर मोजूनमापून, दिवसाला जेमतेम लिटरभर, त्यातच चहा आला आणि सूपही आलं. लोकांच्या तोंडचा घास काढायचा मला पगार मिळतो. ट्रॉय या उपनगरातल्या आमच्या मराठी मंडळात कुणी विचारलं की जॉब कुठे, आणि मी त्या भागाचं नाव घेतलं, की समोरची बाई आधी म्हणते, "बापरे! सेफ आहे का गं?"

पहिल्या दिवशी गेले तेव्हा नऊ नंबरच्या खुर्चीत एक उंच, हाडकुळा म्हातारा पेपर वाचत होता. डोक्यावर विणलेली टोपी, कार्डिगनची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, हातात लाल पेन. वाचत कसला, मास्तरांसारखा तपासत होता. कुणा तरुणाचा गोळी लागून मृत्यू झाल्याची बातमी होती. 'गोळी लागून' यावर त्यांनी काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'झाडली कोणी?' मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टर, तू बटाट्यासाठी आलीस ना?"

"हो."

"बस. बटाट्याबद्दल मी तुला सांगतो."

ते अर्थातच इंग्रजीत बोलत, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शेतांवरच्या हेलाच्या इंग्रजीत. पण मला त्यांचं सगळं बोलणं मराठीतच आठवतं, त्याला मी काय करू! म्हणाले, "माझ्या आईने बटाट्यावर पाच पोरं जगवली. आता तू त्याला विष म्हणतेस. असेल विष. पण आधी त्याचे आभार मान, मग शिव्या दे."

मी म्हटलं, "आभार मानले. आता निदान उकळून पाणी तरी ओतून देत जा."

"आता कशी मुद्द्यावर आलीस!" ते खूश झाले. वाटाघाटी त्यांना मनापासून आवडत. हुकूम मात्र आयुष्यात कुणाचा ऐकला नव्हता, आणि त्याची किंमत पुरेपूर मोजून झाली होती.

या शहरात ब्लॅक चळवळीतल्या वडीलधाऱ्या पुरुषांना 'बाबा' म्हणायची पद्धत आहे, आफ्रिकेतून आणलेली. त्यामुळे मला वेगळी जीभ वळवावी लागली नाही. जन्माचं नाव वॉल्टर प्रुइट. ते गुलाम पूर्वजांच्या गोऱ्या मालकाचं नाव म्हणून त्यांनी विशीत टाकून दिलं आणि ओमारी झाले. त्यांची मुलगी डेनिस मात्र त्यांना वॉल्टरच म्हणायची. ती पाळण्यात असताना ते तुरुंगात गेले आणि बाहेर आले तेव्हा तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. "लोकांचे बाबा असतील," ती मला एकदा म्हणाली, "माझ्यासाठी वॉल्टर आहे. राहतो माझ्याकडे." तीच त्यांना गाडीने आणायची-न्यायची, औषधं बघायची, नाव तेवढं टाकलेलंच वापरायची. ते कधी तिला दुरुस्त करत नसत. साऱ्या जगाला दुरुस्त करणारा माणूस तिथे मान खाली घालून गप्प बसायचा.

त्यांची संघटना कोणती, ते कशासाठी लढले, हे इथे सांगत बसत नाही, पुस्तकांतून आहे. शाळेत जाणाऱ्या पोरांना सकाळी फुकट नाश्ता देणारी ती माणसं, आणि पोलिसांच्या गाडीमागे स्वतःची गाडी लावून बंदुकीसकट फिरणारीही तीच. बाबांनी दोन्ही गोष्टी सारख्याच अभिमानाने सांगितल्या. "नाश्त्याबद्दल आता बक्षिसं देतात आम्हाला," ते म्हणायचे, "बंदुकीबद्दल विचारत नाहीत. अर्धा माणूस उचलतात आणि म्हणतात, केवढा थोर!"

एकदा त्यांनी मला तोंडावर विचारलं, "तुझ्या देशात दोन तऱ्हेची माणसं होती ना? विहिरीवर पाणी भरू शकणारी आणि न भरू शकणारी. तू कुठली?"

ट्रॉयमध्ये इतकी वर्षं मला हे कुणी असं विचारलं नव्हतं. तिथे विचारतात, "नागपूरच्या का? अय्या! नागपुरात नेमक्या कुठे?" मग आडनाव. मग एक छोटीशी शांतता, आणि मग विषय निघतो मुलांच्या कॉलेजचा. मी बाबांना म्हटलं, "दुसऱ्यांतली." आणि सांगितलं, की माझे वडील तरुणपणी नागपुरात इंदोऱ्यातल्या भिंतींवर एक आवळलेली मूठ रंगवत फिरायचे. ती मूठ त्यांनी तुमच्याच लोकांच्या फोटोवरून उचलली होती.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्यांना अटक झाली?"

"दोनदा."

"मग तू इथे उभी का? खुर्ची घे." त्या दिवसापासून मी त्यांच्या पोटॅशियमवर कितीही बोलले तरी ते ऐकून घेत. पाळत नसत, पण ऐकत.

शनिवारी सकाळी एका चर्चच्या तळघरात ते अजूनही नाश्ता शिजवत. मी एकदा गेले. भल्या मोठ्या पातेल्यात मक्याचा रवा रटरटत होता. या लोकांचे ग्रिट्स. मी चाखून म्हटलं, "अहो, या तर आमच्या कण्या!" ते म्हणाले, "गरिबाच्या पातेल्यात दुसरं काय असणार?" नाश्त्याला पोरं थोडी आणि म्हातारे जास्त होते. त्या मोहल्ल्यात आता पोरंच उरली नव्हती. घरं पाडून पाडून गवत माजलं होतं. तरी बाबा पातेलं पूर्वीएवढंच भरायचे आणि उरलेल्या कण्या डबे करून लोकांच्या गळ्यात मारायचे.

आता त्या पाण्याबद्दल.

आमच्या वेटिंग रूममध्ये खिडकीत एक मनीप्लांट आहे. बाबा आले की नर्स टॅमी त्यांना गोळ्या घ्यायला कागदी पेला भरून पाणी द्यायची. ते पेला घेऊन आधी त्या कुंडीपाशी जायचे, थेंब थेंब पाणी सोडायचे आणि दर थेंबाला एक नाव घ्यायचे. गेलेल्यांची नावं. कुणी गोळीने, कुणी तुरुंगात, कुणी दारूने, कुणी नुसतं म्हातारपणाने. त्यांच्यात ही रीत आहे: वडीलधाऱ्याने बोलायच्या आधी मेलेल्यांना पाणी द्यायचं, त्यांच्याआधी आपलं तोंड उघडायचं नाही. अर्धा पेला असा जायचा. ज्या माणसाला दिवसाचं पाणी मोजून मिळतं, जो उन्हाळ्यात बर्फाचा खडा जिभेवर फिरवून तहान मारतो, तो त्यातलं अर्धं कुंडीत ओततोय, हे मला डाएटिशियन म्हणून फार सोयीचं होतं. माणूस म्हणून बघवत नसे. आमच्या घरातून पाणी सोडायचे सगळे विधी वडिलांनी कधीच हद्दपार केले होते. पण मी तिथे कामाचं निमित्त काढून उभी राहायची.

त्या नावांत शेवटचं नाव वेगळं वाटायचं. स्टॅनली कोवाल. मी विचारलं, "हा तुमच्यातला?"

"नाही. त्यांच्यातला. त्या दिवशी मेलेला पोलीस."

शेजारच्या राज्यात त्यांच्या एका बैठकीवर छापा पडला होता. दोन्हीकडून गोळ्या चालल्या. कोवाल मेला, वय पंचविशीचं. गोळी कुणाची, हे शेवटपर्यंत नीट ठरलं नाही. शिक्षा बाबांना झाली आणि त्यांचा जिवलग लेस्टर याला त्यांच्याहून मोठी झाली. बाबा म्हातारे होऊन सुटले. लेस्टर तिथेच राहिला.

बाबांचं उरलेलं आयुष्य म्हणजे लेस्टर घरी येणं. त्यांना दुसरं काही नको होतं. डेनिसच्या घरातली मागची खोली त्यांनी रिकामी करून घेतली, स्वतः रंग दिला, आणि मग सगळ्या सेंटरला छळायला सुरुवात केली. पन्नास वर्षांनी बाहेर येणाऱ्या माणसाला काय काय लागतं? गादी मऊ घ्यावी की कडक, यावर दोन आठवडे खुर्च्याखुर्च्यांतून वाद चालला. सात नंबरच्या बाई म्हणाल्या, मऊ घ्या, बिचाऱ्याने सोसलंय. बाबा म्हणाले, "मी सुटल्यावर वर्षभर जमिनीवर झोपलो. मऊ गादीत बुडाल्यासारखं होतं." शेवटी कडक गादी आली. चपला आल्या. मोठ्या आकड्यांचा फोन आला. एक दिवस त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं, "सिस्टर, त्याला शुगर आहे. तुझ्या कण्या चालतील त्याला?" मी म्हटलं, "आधी येऊ तर द्या." ते म्हणाले, "येणार. या वेळी येणार."

आणि खरंच येणारच होता. शिक्षा पुरी व्हायच्या आधी सोडायचं की नाही हे ठरवणाऱ्या पॅरोल बोर्डापुढे लेस्टरची सुनावणी लागली. वकील पहिल्यांदाच हसून बोलत होती. लेस्टरला कॅन्सर झाला होता, तुरुंगात त्याचं वागणं निर्मळ होतं, आणि मुख्य म्हणजे कोवालची मुलगी या खेपेला विरोध करणार नव्हती. येऊन नुसती बसणार होती. वकिलाने बाबांना बजावलं, "तुम्ही फक्त खोलीबद्दल बोला. खोली आहे, गादी आहे, मुलगी सांभाळेल. बस." बाबा म्हणाले, "यस मॅम." डेनिस त्यांना गाडीने घेऊन गेली.

सुनावणी फोनवर लाइव्ह दिसत होती. टॅमीने आणि मी तिचा फोन लंचरूममध्ये मायक्रोवेव्हला टेकवून ठेवला. लेस्टर तुरुंगातून पडद्यावर आला. वाळलेला, कानात मशीन. तो सावकाश म्हणाला की एक माणूस मेला त्यात माझा हात होता, रोज आठवतं, मला माफ करा. कोवालची मुलगी समोरच बसली होती. पन्नाशीपलीकडची बाई, मांडीवर तरुण बापाचा फोटो. तिने मान हलवली. कशासाठी हलवली कोण जाणे, पण हलवली. टॅमीने माझा हात घट्ट धरला.

मग बाबांना बोलावलं. ते उभे राहिले. सूट घातला होता. म्हणाले, "मला खोलीबद्दल बोलायला सांगितलंय. खोली आहे." इथे थांबले असते तर! पण समोर टेबलावर पाण्याचा कागदी पेला होता, आणि वडीलधारा म्हणून त्यांना बोलायला उभं केलं होतं. त्यांनी पेला उचलला. "पण मेलेल्यांच्या आधी मी बोलत नाही," म्हणाले.

"नो," टॅमी म्हणाली. "नो, नो, नो, बाबा."

कुंडी नव्हती म्हणून पाणी कार्पेटवर पडलं. एक नाव, एक थेंब. बोर्डाची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पडद्यावरून लेस्टर म्हणत होता, "ओमारी, बस. बस, ब्रदर." आणि बाबांनी सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत सावकाश, उरलेलं सगळं पाणी ओतून नाव घेतलं, "स्टॅनली कोवाल."

ती बाई ताडकन उठली. "माझ्या बापाचं नाव घ्यायचं नाही! तुम्ही मारलंत त्यांना, आणि आता जमिनीवर पाणी सांडून तमाशा करता?" तिचा आवाज फाटला. फोटो खाली पडला. तो पाण्यात पडला की नाही ते दिसलं नाही. बाबा रिकामा पेला धरून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, लहान मुलासारखं. त्यांच्या लेखी त्यांनी त्या माणसाला आपल्या मृतांच्या पंगतीत बसवलं होतं. याहून मोठा मान त्यांच्याकडे नव्हताच.

बोर्डाने अर्ज फेटाळला. पश्चात्तापाचं गांभीर्य दिसत नाही म्हणाले, पाच वर्षांनी पुन्हा या.

मला बाबांचा इतका राग आला होता! अहो, बाहेर करायचं ना, गाडीत करायचं, मनात करायचं! दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. मी ठरवूनच गेले होते की बोलायचं. पण ते मनीप्लांटच्या समोरून थेट खुर्चीत जाऊन बसले. टॅमीने दिलेलं पाणी गोळ्यांबरोबर सगळं पिऊन टाकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला विचारायला हवं होतं. बाप तिचा होता. मी इतकी वर्षं ते नाव घेत आलो, मला वाटलं ते माझंच झालं."

मी त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"लेस्टरला मी आत ठेवला," ते म्हणाले. "सरकारने नाही. मी."

त्यानंतर बाबा ओमारी माझे आदर्श पेशंट झाले. बटाटा बंद, राजमा बंद, जे सांगेन त्याला यस मॅम. पोटॅशियम कसं, पाठ्यपुस्तकात असावं तसं. डॉक्टर म्हणाले, "सुजाता, तू कमाल केलीस." मला रिपोर्ट हातात धरवेना. मग वजन उतरायला लागलं, तेव्हा कळलं की ते पाळत काही नव्हते, जेवतच नव्हते. मी घरून कण्या करून नेल्या. त्यांनी दोन चमचे खाल्ले आणि नीट झाकण लावून डबा परत दिला. पेपर उशाशी घडी न मोडता पडलेला असायचा. एकदा मीच वाचून दाखवला, चिडावेत म्हणून मुद्दाम. ते ऐकत राहिले, आणि संपल्यावर "थँक यू, सिस्टर" म्हणाले.

तरुण मुलं कॅमेरे घेऊन यायची. एका भिंतीवर त्यांचं चित्र काढलं गेलं, मूठ वर केलेलं. माझी मुलगी ऋचा त्या चित्रासमोर फोटो काढून आली आणि मला म्हणाली, "आई, he's literally a legend."

लेस्टरने राग धरला नव्हता, हे तर आणखी वाईट. डेनिसने मला सांगितलं, त्याचा फोन आला तेव्हा त्याने विचारलं, "त्या गादीवर कोण झोपतं?" बाबा म्हणाले, कोणी नाही. लेस्टर म्हणाला, "मग तू झोप की. पाठ सुधारेल तुझी." आणि दोघंही म्हणे खूप हसले. फोन ठेवल्यावर बाबांनी खोलीला बाहेरून कडी घातली.

थंडी संपायच्या आत लेस्टर तुरुंगाच्या दवाखान्यात गेला. शेवटचं भेटायची परवानगी बाबांनी मागितली होती. ती आली, पण तो गेल्यावर आली. त्याचं रक्ताचं कुणी उरलं नव्हतं. तुरुंगाने परस्पर दहन केलं.

मी बाबांना शेवटचं पाहिलं तो मार्चमधला एक दिवस होता. बाहेर बर्फ वितळून पुन्हा गोठलेला. डेनिसला कामावरून निघता आलं नाही म्हणून ते पेशंटांच्या व्हॅनने आले होते. काखेत पुठ्ठ्याचं एक चौकोनी खोकं होतं, पोस्टाची चिकटपट्टी लावलेलं. त्या सकाळीच आलं होतं. लेस्टर पोस्टाने घरी आला होता.

"घरी एकटा कसा ठेवू?" ते टॅमीला म्हणाले.

आमच्याकडे नियम आहे: पेशंटचं सामान मशीनजवळ न्यायचं नाही, लॉकरमध्ये ठेवायचं. टॅमी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी स्वतः ठेवते लॉकरमध्ये. किल्ली तुमच्याजवळ ठेवा."

"नाही," बाबा म्हणाले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांचा तो आवाज ऐकला. "कुलपात नाही."

टॅमीने एक स्वच्छ चादर आणली, खोकं तिच्यात गुंडाळलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. चार तास ते तसेच बसले. सुया टोचलेला हात बाजूला आणि दुसरा खोक्यावर. मधून मधून खोकं सरळ करत होते. सात नंबरच्या बाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. मी माझे पेशंट पाहिले, रिपोर्ट भरले, चार वेळा उगाच त्यांच्यासमोरून गेले. एकदाही थांबायचा धीर झाला नाही.

निघताना बर्फ होता म्हणून मी त्यांना धरून व्हॅनपर्यंत नेलं. ड्रायव्हर नवा होता, विशी-बाविशीचा. बाबा आत बसले, खोकं मांडीवर घेतलं आणि पुढे वाकून म्हणाले, "बेटा, जरा लिनवुडवरून घेशील? आम्ही दोघं तिथे राहायचो. आता तिथे काही नाही, पण याने पाहिलं नाहीये."

पोराला वाईट वाटलं, ते दिसत होतं. स्क्रीनकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सॉरी सर. रूट ऑफिसमधून येतो. मला बदलायला अलाउड नाही."

मी वाट बघत राहिले. आता पेटतील, आता म्हणतील, कोण ते ऑफिस, लाव फोन. ते मागे टेकले. खोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ओके."

व्हॅन ऑफिसने आखलेल्या रस्त्याने निघून गेली.